पावसाळ्यातला पीव्हीपी आणि एकच टीजी

इंडोमेथासिन हे औषध आणि पीव्हीपी (पॉलिव्हिनाइलपायरोलिडोन) हा पॉलिमर यांच्या मिश्रणावर काम सुरू करणाऱ्याला हायड्रोजन बंधाची व्याख्या सांगण्याची गरज नाही. सांगायचे आहे ते पाण्याबद्दल. पीव्हीपीच्या साखळीवर हायड्रोजन देणारा गट नाही, तिचा कार्बोनिल (कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंधाचा गट) केवळ घेणारा आहे, आणि जुलैमधल्या नाशिकच्या हवेत त्याला हायड्रोजन देणारा पहिला रेणू औषधाचा नसतो, पाण्याचा असतो. अवरक्त वर्णपटात कोरड्या पीव्हीपीचे कार्बोनिल शिखर सुमारे १६८० प्रति सेंटिमीटरला दिसते. औषधाशी बंध झाला की ते खाली सरकते, पाण्याशी झाला तरी खालीच सरकते, आणि पाण्याचे स्वतःचे शिखर १६४० च्या आसपास येऊन त्याच उतारावर मिसळते. त्याच बाटलीतल्या, त्याच दिवशी घेतलेल्या नुसत्या पीव्हीपीचा वर्णपट शेजारी नसेल, तर या सरकण्यावर एक ओळही लिहू नका. नमुना पोटॅशियम ब्रोमाइडमध्ये (केबीआर) दाबून केलेली गोळी मला या कामाला मुळीच पसंत नाही, कारण केबीआर स्वतःच ओलावा ओढतो. नमुना तसाच स्फटिकावर दाबून वर्णपट घेणारा एटीआर मिळत असेल तर तोच घ्यावा.

खरे घोडे पेंड खाते ते डीएससीत, म्हणजे नमुना तापवत त्याची उष्णता मोजणाऱ्या यंत्रात. ओल्या नमुन्याच्या पहिल्या तापवण्यात पाणी उडून जाताना रुंद फुगवटा येतो आणि टीजी, म्हणजे काचेसारखा कडक पदार्थ मऊ होऊ लागण्याचे तापमान, त्याखाली दडतो. हा टीजी एकच दिसला, तर औषध आणि पॉलिमर एकजीव झाले असे मानतात. त्यावर वरिष्ठांचा ठरलेला तोडगा असा, की पहिले तापवणे सोडावे आणि दुसरेच छापावे. मलाही तोच सांगितला गेला होता आणि त्याचा राग अजून ओसरलेला नाही. इंडोमेथासिन सुमारे १६० अंश सेल्सिअसला वितळते. नमुना १८० पर्यंत नेला, की वेगळे राहिलेले औषध पॅनमध्येच पॉलिमरमध्ये मिसळते, आणि दुसऱ्या फेरीत दिसणारा सुबक एकच टीजी तुम्ही बनवलेल्या फिल्मचा राहत नाही, तो यंत्राने बनवलेल्या मिश्रणाचा असतो. म्हणून नमुना टीजीच्या बराच खाली, निर्वात ओव्हनमध्ये वाळवा आणि पहिलेच तापवणे छापा. तिथेही एकच टीजी दिसला, तरी साधारण वीस-तीस नॅनोमीटरहून लहान कप्पे डीएससीला दिसत नाहीत, हे ध्यानात ठेवा.

वर्णपटात काहीच सरकले नाही म्हणून मात्र हातपाय गाळू नका. केटोकोनॅझोल या औषधाकडे हायड्रोजन देणारा गटच नाही, तरी ते पीव्हीपीत मिसळते. उलट इंडोमेथासिनला आधी आपल्याच आम्लगटांच्या जोड्या मोडाव्या लागतात. वाळवणे पुरेसे झाले का, ही शंका उरलीच, तर छिद्र असलेल्या झाकणाच्या पॅनचे वजन तापवण्यापूर्वी आणि नंतर करा.