टॅक्सच्या भीतीने शेअर विकताय? या चुका टाळा

23 जुलै 2024. अर्थसंकल्पाचं भाषण चालू असतानाच माझ्या एका मित्राने मोबाईलवरून सगळे शेअर फुंकून टाकले. नफ्यावरचा टॅक्स वाढला हे ऐकलं, सेन्सेक्स बाराशेहून जास्त अंकांनी आपटलेला पाहिला, झालं! वर मलाच फोन: "वाढीव टॅक्स लागायच्या आत सुटलो." सुटला कसला? नवे दर त्याच दिवसापासून लागू होते. शिवाय शेअर घेतलेले 10 ऑगस्ट 2023 ला, म्हणजे बारा महिने भरायला अठरा-एकोणीस दिवस बाकी. नफा तीन लाख. अल्पकालीन नफा म्हणून 20 टक्क्यांनी 60,000 रुपये भरले. भाव तेवढाच धरला आणि तीन आठवडे गप्प बसला असता, तर बारा महिन्यांवरचा नफा दीर्घकालीन ठरून पहिले सव्वा लाख करमुक्त आणि उरलेल्या 1,75,000 वर 12.5 टक्के, म्हणजे 21,875. दोन्हीकडे वरून उपकर (सेस) लागतो तो वेगळा. सेन्सेक्स त्या दिवशी बंद झाला तो जेमतेम 73 अंक खाली. हे मी त्याला अजून अधूनमधून ऐकवतो.

विकायचं बटण दाबण्याआधी मी खरेदीची तारीख बघतो. भाव नंतर. एकच शेअर तीन-चार वेळा घेतला असेल तर डिमॅटमधून (शेअर ठेवायच्या खात्यातून) आधी घेतलेले आधी गेले असं धरतात, आपल्या मनात कुठले होते याला किंमत नाही. एसआयपीत, म्हणजे ठरावीक हप्त्यांच्या गुंतवणुकीत, तर प्रत्येक हप्त्याचं वर्ष वेगळं.

दुसरी चूक नवशिक्यांची लाडकी. सप्टेंबर 2024 मध्ये सेन्सेक्स 85,000 च्या वर होता, मार्च 2025 च्या सुरुवातीला 73,000 च्या आसपास. वरच्या भावाला घुसलेल्यांनी तोट्यात विकलं आणि म्हणाले, "कमाईच नाही, रिटर्न कशाला भरू?" अहो, त्यासाठीच भरायचं! मुदतीत रिटर्न भरलं तर हा तोटा पुढची आठ वर्षं नफ्यातून वजा करता येतो. मुदत चुकली की गेला. अल्पकालीन तोटा दोन्ही प्रकारच्या नफ्यातून वजा होतो, दीर्घकालीन मात्र फक्त दीर्घकालीन नफ्यातून. मी तर रिटर्न भरल्यावर तोट्याचा तक्ता छापून फाईलला लावतो. पोरं हसतात, हसू देत.

"बारा लाखांपर्यंत टॅक्स नाही" हे शेअरच्या नफ्याला चिकटवू नका. नव्या करपद्धतीत वजावटीनंतर दहा लाख पगार आणि 50,000 अल्पकालीन नफा असेल, तर पगारावर शून्य, पण नफ्यावर 10,000 भरायचेच.

इंट्राडे (त्याच दिवशी घेऊन विकणं) आणि एफ अँड ओ (फ्युचर्स-ऑप्शन्सचे सौदे) हे धंद्याचं उत्पन्न. ते भांडवली नफ्यात कोंबू नका.

राहिला नवा आयकर कायदा, 2025. तो 1 एप्रिल 2026 पासूनचा. त्यावरून "जुना तोटा बुडणार, मार्चमध्येच सगळं विका" असे मेसेज फिरतात. नव्या कायद्याने मांडणी सोपी केली, 'कर वर्ष' हा शब्द आणला, 12.5 आणि 20 टक्के हे दर त्यामुळे बदललेले नाहीत. जुना तोटा पुढे ओढायची सोयही त्यात आहे. आणि मार्च 2026 पर्यंतच्या व्यवहारांचा हिशेब 1961 च्याच कायद्याने, रिटर्न नंतर भरलं तरी.