लाकडी बीआय-१: १:३२ प्रमाणातलं मॉडेल

बीआय-१ या सोव्हिएत रॉकेट-विमानाचं मॉडेल बहुतेक वेळा एकाच जागी फसतं. करणारा सवयीने पॅनलच्या रेषा आणि रिव्हेट कोरत बसतो. बेरेझ्न्याक आणि इसायेव या अभियंत्यांनी १९४१ साली आखलेलं हे विमान प्लायवुडचं होतं, वरून कापड चिकटवलेलं. अंग गुळगुळीतच हवं. कापड ताणलेलं दिसतं ते फक्त विमान वळवणाऱ्या हलत्या पट्ट्यांवर: पंखावरचे एलेरॉन, आडव्या शेपटीवरचे एलेव्हेटर आणि उभ्या शेपटीवरचा रडर.

मूळ विमान ६.४० मीटर लांब, पंखांचा पसारा ६.४८ मीटर. म्हणजे मॉडेल २०० मि.मी. लांब आणि २०२.५ मि.मी. रुंद. छापलेल्या आराखड्यावर भरवसा ठेवण्याआधी एक हिशेब करा. पंखाचं क्षेत्रफळ ७ चौ.मी. आहे, त्याला पसाऱ्याने भागलं की सरासरी रुंदी १.०८ मीटर येते. आपल्या प्रमाणात जवळपास ३४ मि.मी. पंखाच्या कडा विमानाच्या मध्यरेषेपर्यंत वाढवून तिथली आणि टोकाची रुंदी मोजा, दोन्हींची सरासरी काढा. टोकं गोलसर असल्याने एक-दोन मि.मी.चा फरक चालेल. त्याहून जास्त आला तर प्रिंटरने प्रमाण बिघडवलंय, पुन्हा छापा.

धडासाठी बाल्साचे (हलक्या, मऊ लाकडाचे) दोन अर्धे ठोकळे घ्या, प्रत्येक बाजूला ३ मि.मी. जास्तीचे. दोन्हींच्या मधे कागद ठेवून पांढऱ्या गोंदाने चिकटवा. कोरून झाल्यावर पातळ पात्याने कागदावरून फोडलं की कॉकपिट आतून पोखरता येतं, आणि मध्यरेषा आयतीच मिळते. पाच-सहा ठिकाणचे छेद पुठ्ठ्यावर कापून साचे करा. नजरेवर गेलात तर एक गाल फुगतोच.

पंखासाठी ४ मि.मी. बाल्सा, रेषे पसाऱ्याच्या दिशेने. वरून जेवढं घासाल तेवढंच खालूनही घासा, एकाच बाजूने घासलेली पट्टी सीलर (लाकडाची छिद्रं बुजवणारा लेप) लागताच पिळते. आडव्या शेपटीवरची छोटी उभी पाती ०.५ मि.मी. प्लास्टिक शीटची करा, कारण एवढ्या जाडीचा बाल्सा हातातच तुटतो.

खरी मेहनत सीलरची. सँडिंग सीलरचे निदान चार हात, प्रत्येक पूर्ण वाळल्यावर ४०० नंबरचा पॉलिश पेपर. घाईत दुसरा हात दिलात तर आत अडकलेलं सॉल्व्हंट नंतर रंगावर फोड आणतं. खड्डे लांबीने (पुट्टीने) भरा. एलेरॉनवर मात्र ०.३ मि.मी. जाड दोरे फासळ्यांच्या जागी चिकटवून वर टिश्यू पेपर ताणा. दोन हातांनंतर फासळी जेमतेम जाणवली पाहिजे.

नाकावर दोन २० मि.मी. श्वाक तोफा होत्या. २१ गेजची इंजेक्शनची सुई तोंडासाठी बरोबर बसते, टोक सपाट घासून घ्या.

रंग उडालेला दाखवायला चंदेरी ठिपके देऊ नका, खाली धातू नाहीच. काजळीही हात राखूनच द्या: १५ मे १९४२ चं पहिलं उड्डाण, वैमानिक बाख्चिवांदजी चालवत असताना, जेमतेम तीन मिनिटांचं होतं, आणि पुढची उड्डाणंही मोजकीच झाली.