रॉड सगळ्यात शेवटी: भाट्ये आणि मांडवीवर गरवायला जाताना

मे महिन्यात रत्नागिरीला गावी येणारी मंडळी मासे गरवायला, म्हणजे गळाने धरायला, आधी रॉड घेतात आणि मग किनाऱ्यावर येऊन विचारतात, "काका, इथे काय लागतं?" माझी यादी बरोबर उलटी आहे. जागा कुठली, तिथे मासा कुठला, तो खातो काय, ते आमिष किती लांब टाकायचं आणि त्याला शिसं (दोऱ्याला बांधायचं वजन) किती लागेल, एवढं ठरलं की रॉड निवडायला फारसं काही उरत नाही.

पहिली गोष्ट भरतीची वेळ, आणि त्यासाठी घरातलं कॅलेंडर पुरतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते: पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकराच्या आसपास. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, तेव्हा मिनिटाला धरून बसू नका. भाट्याला जायचं तर आदल्या दिवशी ओहोटीला एक फेरी मारा. वाळूत जिथे चर पडलाय, पाणी साचून राहिलंय, ती जागा मागच्या सुरूच्या झाडाच्या खुणेने लक्षात ठेवा. भरती चढली की मासा त्याच चरातून फिरतो. तो बरेचदा कमरेएवढ्या पाण्यात असतो आणि आपण त्याच्या डोक्यावरून लांब फेकत बसतो.

आता आमिष. इथे मात्र कंजुषी नको. भाट्याच्या पुळणीवर मुडदुशे धरायचे तर सोललेल्या कोळंबीचा नखाएवढा तुकडा आणि ६ किंवा ८ नंबरचा बारीक गळ. तोंड लहान असलेल्या माशाला अख्खी कोळंबी दिली तर तो नुसता टोचे मारत राहतो. मांडवीच्या जेटीवर, दगडांच्या कडेला, तांबोशी, पालू, एखादा गोबरा यांच्यासाठी जिवंत कोळंबीसारखं दुसरं काही नाही. सकाळी खाडीत पाग (हाताने फेकायचं जाळं) टाकणाऱ्यांकडून दहा-बारा नग मागून घ्यायचे आणि खाऱ्या पाण्याच्या बादलीत ठेवून माशांच्या टाकीचा बॅटरीवरचा पंप सोडायचा. गळ ओवताना कोळंबी उजेडात धरा. डोक्यात एक काळा ठिपका दिसतो. त्याला धक्का न लावता, त्याच्या पुढे, शिंगाखालून गळ आडवा काढायचा. ठिपक्यात गळ गेला की ती मेलीच. नीट लावलेली कोळंबी पाण्यात बराच वेळ पाय मारत राहते.

कोळंबी मिळाली नाही तर म्हाकुल, म्हणजे स्क्विड. बोटाएवढी रुंद, टोकाला निमुळती पट्टी कापा. चिवट असते, लांब फेकली तरी सुटत नाही आणि फुगणाऱ्या केंड माशांनाही कुरतडायला वेळ लागतो. बांगडा, तारली तेलकट म्हणून वास लांब जातो, पण मांस मऊ. पट्ट्या कापून रात्रभर जाड्या मिठात ठेवल्या की घट्ट होतात. वरून बारीक इलॅस्टिकचा दोरा गुंडाळला तर उत्तमच.

गळाच्या नंबरात नवखा हमखास फसतो. साधा नंबर जितका मोठा तितका गळ लहान, पण पुढे "/०" असेल तर उलट: १/० पेक्षा ४/० मोठा. जेटीवर २/० ते ४/० पुरतात.

शिसं जागेवर ठरतं. पुळणीवर लाट ओढते, म्हणून वाळूत रुतणारं पिरॅमिडच्या आकाराचं ८० ते १२० ग्रॅम. गोल शिसं गडगडत काठाला येतं. जेटीवर ३० ते ५० ग्रॅम बास, आणि ते मुख्य दोऱ्यापेक्षा बारीक तंगुसाने (नायलॉनच्या दोऱ्याने) बांधा. दगडात अडकलं तर नुसतं शिसं जातं, बाकी सगळं हातात येतं.

आणि आता रॉड. दांड्यावर मुठीच्या वर वजनाचा आकडा छापलेला असतो, तो वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. भाट्यासाठी साधारण १२ फुटी, १०० ते २०० ग्रॅम झेपणारा, दोन-तीन तुकड्यांचा. मांडवीसाठी ७-८ फुटी पण कण्याला दणकट, कारण तांबोशी लागला की दगडाकडे पळतो, तिथे त्याला रोखावं लागतं. घडीचा स्वस्त रॉड मीही घेतला होता. पहिल्याच संध्याकाळी १०० ग्रॅम शिसं लावून जोर काढला, तर शिसं, आमिष आणि वरची दोन पेरं एकदमच समुद्रात गेली. दोरा ०.४० मिमीचं तंगूस ठीक. बारीक विणलेला दोरा वापरणार असाल तर पुढे दोन रॉडभर लांबीचं जाड तंगूस जोडा, नाहीतर फेकताना तुटतो आणि शिसं गोळीसारखं सुटतं. कार्बनचा रॉड विजेच्या तारांखाली किंवा गडगडाट सुरू झाल्यावर उभा धरू नका.

पिशवीत कपाळावरची बॅटरी, पक्कड, कातर, जुना टॉवेल. जेटीसाठी लांब दांड्याची जाळी, कारण वजनदार मासा दोऱ्याने वर उचलायला गेलात की हमखास सुटतो. शिंगाळा लागला तर टॉवेलनेही दाबून धरू नका. पाठीवरचा आणि कल्ल्यांजवळचे दोन काटे विषारी असतात. टोचलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवा आणि डॉक्टर गाठा. म्हणून थर्मासात चहाऐवजी नुसतं गरम पाणी. पावसाळ्यात भाट्यावर लाटेत उतरणं बंद म्हणजे बंद.

घरी आल्यावर रॉड-रीळ गोड्या पाण्याच्या हलक्या धारेखाली धुवा, रिळाचा ड्रॅग (दोऱ्याचा ताण धरणारा ब्रेक) सैल करून ठेवा. उरलेलं आमिष फ्रीजरमध्ये टाकताना डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहा. आमच्याकडे दिवसभर उन्हात फिरून आलेली कोळंबी एकदा पाहुण्यांच्या भातात पडली आहे.