रोम कुटुंबासह पाहताना: सकाळी एक ठिकाण, दुपारी एक नवा पदार्थ

आजी-आजोबा, शाळकरी मुले आणि त्यांचे आईवडील एकत्र निघाले असतील, तर रोममधील दिवस जेवणाच्या वेळा डोळ्यांसमोर ठेवून आखावा आणि प्रेक्षणीय स्थळे त्यात बसवावीत. येथील बहुतेक खानावळींचे स्वयंपाकघर दुपारी साडेबारा ते अडीच-तीनपर्यंत चालते, मग बंद होते आणि संध्याकाळी साडेसातच्या सुमारास पुन्हा सुरू होते. कोलोसियम पाहून चार वाजता भुकेने कासावीस बाहेर पडलेल्या कुटुंबाला तेवढ्या वेळात मिळते ते पर्यटकांसाठी मांडून ठेवलेले, महाग आणि बेचव अन्न. आणि मग ‘इटलीतला पिझ्झा काही खास नव्हता’ असे मत घेऊन ते घरी परततात. पुढील पायऱ्या तीन ते चार दिवसांचा मुक्काम गृहीत धरून दिल्या आहेत.

पायरी १: दिवसाला एकच मोठे तिकीट

कोलोसियम आणि व्हॅटिकन संग्रहालये एकाच दिवशी घेऊ नयेत. दोन्ही ठिकाणी तीन-तीन तास उभे राहणे आणि चालणे होते. कोलोसियमचे तिकीट अधिकृत संकेतस्थळावरूनच काढावे. ते वेळेनुसार आणि नावानिशी मिळते, त्यामुळे पासपोर्ट जवळ लागतो. याच तिकिटात फोरम (प्राचीन रोमच्या मुख्य चौकाचे अवशेष) आणि पॅलाटाइन टेकडीचाही समावेश असतो. १८ वर्षांखालील मुलांना प्रवेश विनामूल्य आहे, तरी त्यांच्या नावाचे शून्य दराचे तिकीट काढावेच लागते. व्हॅटिकन संग्रहालये रविवारी बंद असतात. महिन्याच्या शेवटच्या रविवारी ती विनामूल्य उघडतात, पण त्या दिवशीची गर्दी वृद्धांना सोसणारी नसते. सेंट पीटर्स बॅसिलिकात प्रवेशशुल्क नाही, मात्र खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. घुमटावर जायचे असल्यास लिफ्ट घेऊनही ३२० पायऱ्या चढाव्या लागतात, तेव्हा आजोबांना खाली चौकात बसवून मुलांनी वर जावे हे उत्तम.

पायरी २: ठिकाण आणि पदार्थ एकाच वस्तीत जुळवणे

खाण्यासाठी शहराच्या दुसऱ्या टोकाला जाण्याचे कारण नाही. कोलोसियम सकाळी पाहिले, तर जेवायला शेजारच्या मोन्ती वस्तीतील गल्ल्यांत जावे. व्हॅटिकननंतर प्राती भागात ‘पिझ्झा अल तालियो’ खावा. हा पिझ्झा मोठ्या चौकोनी ताटांत भाजलेला असतो. हवा तेवढा तुकडा हाताने दाखवायचा, दुकानदार तो कापून, वजन करून, कागदावर ठेवून देतो. बटाट्याचा, भोपळ्याच्या फुलांचा, नुसत्या टोमॅटोचा असे चार प्रकार थोडे थोडे घेतले, की प्रत्येकाच्या आवडीचा प्रश्न सुटतो. दुपारी खानावळी बंद असतानाही ही दुकाने बहुधा उघडी असतात, हा त्यांचा मोठा आधार आहे.

सर्वांत समाधानकारक दिवस मात्र पँथिऑन ते जुनी ज्यू वस्ती या पट्ट्यात जातो. सकाळी पँथिऑन पाहावे. सम्राट हेड्रियनच्या काळातील या वास्तूच्या घुमटाचा व्यास आणि जमिनीपासूनची उंची दोन्ही सुमारे ४३ मीटर आहेत, आणि माथ्यावरील उघड्या झरोक्यातून पाऊस थेट आत पडतो. फरशीतील पाणी वाहून जाण्याची भोके शोधायला मुलांना सांगावे. तेथून चालत काही मिनिटांवर लार्गो अर्जेंतिना हा चौक लागतो. इसवी सनापूर्वी ४४ मध्ये ज्युलियस सीझरचा खून झाला, ती वास्तू याच परिसरात होती. आज त्या भग्नावशेषांत मांजरांचे आश्रयस्थान आहे आणि मुलांना सीझरपेक्षा मांजरेच अधिक लक्षात राहतात. पुढे काम्पो दे फियोरीच्या बाजारात गरम ‘पिझ्झा बियांका’ घ्यावा. तो केवळ ऑलिव्ह तेल आणि मीठ लावलेला खुसखुशीत पाव असतो. दुपारच्या जेवणासाठी ज्यू वस्तीत जाऊन ‘कार्चोफी आल्ला जुदिया’ मागवावे. आर्टिचोक ही कमळाच्या कळीसारखी भाजी अख्खी तळतात, तेव्हा तिच्या पाकळ्या कुरकुरीत आणि गाभा लोण्यासारखा मऊ होतो. ही भाजी हिवाळ्याच्या अखेरीपासून वसंतापर्यंत ताजी असते. येथील कोशर, म्हणजे ज्यू आहारनियम पाळणाऱ्या, खानावळी शुक्रवारी संध्याकाळी आणि शनिवारी दिवसा बंद असतात, म्हणून हा बेत आठवड्याच्या इतर दिवशी ठेवावा.

मांसाहारी कुटुंबांनी एक सकाळ तेस्ताच्चोसाठी राखावी. शहराचा जुना कत्तलखाना येथे होता, त्यामुळे शेपटी, वजडी असे स्वस्त भाग चविष्ट करण्याची परंपरा या वस्तीत घडली. रविवारी येथील मंडई बंद असते.

पायरी ३: शाकाहाराची खातरजमा

रोमची ओळख असलेल्या चार पास्त्यांपैकी कार्बोनारा, अमात्रिचाना आणि ग्रिचा या तिन्हींत डुकराच्या गालाचे मांस असते. चौथा ‘काचो ए पेपे’ केवळ चीज आणि काळ्या मिरीचा असतो, पण त्यातील पेकोरिनो चीज बनवताना दूध साकळवण्यासाठी कोकराच्या जठरातील रेनेट वापरतात. पार्मेझान चीजमध्येही वासराचे रेनेट असते. हे कोणी चालवून घेतात, कोणी घेत नाहीत. निर्णय घरच्या मोठ्यांशी बोलून निघण्यापूर्वीच घ्यावा, म्हणजे ताट समोर आल्यावर वाद होत नाही. तळलेल्या भोपळ्याच्या फुलांच्या सारणात बहुधा अँकोव्ही मासा असतो, आणि भाताच्या ‘सुप्ली’ या तळलेल्या गोळ्यांतील टोमॅटोच्या रश्शात अनेकदा खिमा असतो. ही दोन्ही नावे दिसायला निरुपद्रवी आहेत, म्हणून विशेष लक्ष ठेवावे. ताज्या पास्त्यात अंडे असू शकते. सुका पास्ता सहसा गहू आणि पाण्याचा असतो.

कागदावर तीन वाक्ये लिहून ठेवावीत: ‘सेन्त्सा कार्ने’ म्हणजे मांसाशिवाय, ‘सेन्त्सा पेशे’ म्हणजे माशाशिवाय आणि ‘सेन्त्सा उओवा’ म्हणजे अंड्याशिवाय. कांदा-लसूण न खाणाऱ्यांसाठी ‘सेन्त्सा चिपोल्ला, सेन्त्सा आल्यो’ हेही जोडावे. चीज टाळायचे असेल तर ‘मारिनारा’ पिझ्झा योग्य ठरतो, त्यावर टोमॅटो, लसूण आणि ओरेगानो एवढेच असते.

काळी मिरी खाताना मुलांना एक गोष्ट जरूर सांगावी. प्राचीन रोमला मिरी मलबारच्या किनाऱ्यावरून जहाजांनी येत असे आणि ती साठवण्याची कोठारे फोरमच्या परिसरातच होती. त्याच समुद्री व्यापाराची खूण म्हणून कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननात पोसायडन या समुद्रदेवाची ब्राँझची मूर्ती सापडली. ती टाऊन हॉल संग्रहालयात सहलीपूर्वी दाखवता आली, तर फोरममधील पडके खांब मुलांना परके वाटणार नाहीत.

पायरी ४: न्याहारी, कॉफी आणि पाणी

रोमकर सकाळी कॅफेच्या फळीपाशी उभे राहून कॉफी आणि कोर्नेत्तो हा अर्धचंद्राकृती गोड पाव घेतात. टेबलाशी बसल्यास, विशेषतः प्रसिद्ध चौकांत, दर बराच वाढतो. आजींना बसणे आवश्यक असेल तर दरपत्रक आधी पाहावे. नुसते ‘लात्ते’ म्हटल्यास दुधाचा पेला समोर येतो, जो मुलांसाठी सोयीचाच आहे. एखाद्या सकाळी साय भरलेला ‘मारितोत्सो’ हा गोड पाव चारजणांत वाटून खावा. पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नयेत, कारण रस्त्यांवर ‘नासोनी’ नावाचे सार्वजनिक नळ आहेत आणि त्यांचे थंड पाणी पिण्यायोग्य असते. नळाचे तोंड बोटाने दाबले की वरच्या लहान भोकातून कारंजे उडते.

पायरी ५: बिल आणि घरचा डबा

बिलात पावाच्या नावाने माणशी एक-दोन युरो लागलेले दिसतात, ती फसवणूक नव्हे. टीप देणे सक्तीचे नाही. दारात उभे राहून गिऱ्हाईक ओढणारे आणि पदार्थांचे रंगीत फोटो लावलेले उपाहारगृह टाळावे, हा माझा नियम रोममध्ये क्वचितच चुकतो. जेलातो, म्हणजे इटालियन आइस्क्रीम, घेतानाही पिस्त्याचा रंग पाहावा: भडक हिरवा असेल तर पुढे चालावे, मळकट तपकिरी झाक असलेला घ्यावा.

वृद्धांच्या पोटासाठी एखादे जेवण घरचे हवेच, म्हणून छोटे स्वयंपाकघर असलेली जागा घ्यावी. तांदूळ, मेतकूट, भडंग, लोणचे नेता येते. मात्र युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणण्यास बंदी असल्याने तूप, पेढे आणि पनीर सामानात भरू नये. लोणी आणि दही तेथील कोणत्याही किराणा दुकानात मिळते.