खोली गार करताना दमटपणा कसा सांभाळावा

कूलर किंवा एसी लावण्याआधी एक साधा आर्द्रतामापक घ्या आणि तो झोताच्या वाटेत येणार नाही असा ठेवा. सापेक्ष आर्द्रता, म्हणजे त्या तापमानाच्या हवेत मावू शकणाऱ्या वाफेपैकी प्रत्यक्षात किती टक्के आहे ती, ४० ते ६० टक्के असली, की बहुतेकांना बरं वाटतं. ती दिवसेंदिवस त्याच्या बरीच वर राहिली, तर भिंतींना बुरशी धरू लागते.

बाहेरची हवा कोरडी असेल तर कूलर लावा. एक लिटर पाण्याची वाफ होताना हवेतली सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता खर्च होते, म्हणून झोत गार लागतो. पण ते लिटरभर पाणी वाफ होऊन खोलीतच येतं, आणि त्याला बाहेर जायला वाट हवी. त्यामुळे कूलर खिडकीशी ठेवा, त्याला बाहेरची हवा ओढू द्या आणि समोरची खिडकी किंवा दार उघडं ठेवा. दारं-खिडक्या लावून कूलर चालवला, की सुरुवातीला छान वाटतं. मग तीच ओली हवा फिरत राहते, घाम वाळत नाही आणि अंग चिकट होतं. माझ्या मते कूलरबद्दलच्या निम्म्या तक्रारींचं मूळ इथेच आहे.

बाहेर ४० अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता असताना चांगला कूलर २५-२६ अंशांचा झोत देऊ शकतो. ३२ अंश आणि ८० टक्क्यांना मात्र जेमतेम दोन-तीन अंशांचा फरक पडतो. अशा दिवशी कूलरचा पंप बंद करून नुसता पंखा चालवा. पंख्याने आर्द्रता वाढतही नाही, घटतही नाही.

एसीचं उलट आहे: खिडक्या बंदच हव्यात. त्याच्या थंड कॉइलवर वाफेचं पाणी होतं आणि नळीवाटे बाहेर पडतं. खोलीच्या मानाने एसी फार मोठा घेऊ नका; तो झटकन गार करून थांबतो आणि ओलावा मागे राहतो. उकाडा कमी पण हवा दमट असेल तर ड्राय मोड पुरतो. एकाच खोलीत कूलर आणि एसी एकत्र मुळीच नको, कारण कूलरने सोडलेलं पाणी काढण्यातच एसीची वीज जाते.

रात्री खिडकी उघडावी का, हे ठरवताना आतले-बाहेरचे टक्के थेट ताडून पाहू नका; गरम हवेत जास्त वाफ मावते. २४ अंशांची, ९० टक्के आर्द्रतेची हवा आत येऊन ३० अंशांपर्यंत तापली, की तिचीच आर्द्रता सुमारे ६३ टक्के भरते. खोलीत त्याहून जास्त दिसत असेल तर खिडकी खुशाल उघडा.