इंग्रजीचे सर गेले, आता त्यांची आठवण नीट कशी जपायची

सर गेल्याची बातमी बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येते, पाच मिनिटांत हात जोडलेल्या इमोजींची रांग लागते, भावपूर्ण श्रद्धांजली, ओम शांती, आणि दोन दिवसांनी ग्रुपवर परत गुड मॉर्निंग सुरू. लोकांना वाईट वाटलेलं नसतं असं नाही हो, खूप वाटलेलं असतं, पण करायचं काय तेच कळत नाही. आमचे इंग्रजीचे सर गेले तेव्हा आम्ही काही जणांनी मिळून जे केलं त्यावरून हे लिहितेय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा. शिक्षकाचं खरं काम बोलण्यात असतं आणि ते कुठेच छापलेलं नसतं. कवी विंदा करंदीकर मुंबईत रुइया, एसआयईएस या कॉलेजांत इंग्रजी शिकवायचे. त्यांच्या कविता पुस्तकांत आहेत, २००३ चं ज्ञानपीठ मिळालं ते नोंदलेलं आहे, पण ते वर्गात कसे शिकवायचे हे आपल्याला जेवढं विद्यार्थ्यांनी सांगितलं तेवढंच कळतं. मग तालुक्याच्या कॉलेजात तीस-पस्तीस वर्षं शिकवून गेलेल्या, एकही पुस्तक न लिहिलेल्या सरांचं काय? ते फक्त विद्यार्थ्यांच्या डोक्यात शिल्लक आहेत. म्हणून सगळ्यात आधी वर्ग लिहून काढा.

"सरांबद्दल चार शब्द लिहा" असं कुणाला सांगू नका. उत्तर ठरलेलं येतं, सर खूप ग्रेट होते, शिस्तप्रिय होते, आम्हाला घडवलं. त्यातून सर दिसत नाहीत. त्यापेक्षा बारीक प्रश्न विचारा. कुठली कविता शिकवत होते तेव्हाचं आठवतंय? ती आधी नुसती वाचून दाखवायचे की थेट अर्थाला हात घालायचे? मधेच मराठीत कधी शिरायचे? फळ्यावर काय लिहायचे? तुझा कुठला उच्चार सुधारला? मराठी मीडियममधून आलेली पोरं मागच्या बाकावर गप्प बसायची त्यांना कसं बोलतं केलं? असं विचारलं की माणूस आधी म्हणतो काही आठवत नाही गं, आणि मग वीस मिनिटं थांबत नाही. ज्यांना टाइप करायचा कंटाळा त्यांच्याकडून व्हॉइस नोट घ्या, खरं तर व्हॉइस नोटच जास्त चांगली कारण लोक बोलताना सरांची नक्कल करतात, तो सूर लिहिण्यात येत नाही. सुरुवात सगळ्यात जुन्या बॅचपासून करा, ती मंडळी आता साठी-सत्तरीची आहेत. आणि आलेली प्रत्येक फाइल त्याच दिवशी ड्राइव्हवर टाका, नावात सांगणाऱ्याचं नाव, बॅच आणि विषय लिहून. फोन बदलला की व्हॉट्सॲपवरचं निम्मं सामान जातं.

दोन लोकांच्या आठवणी जुळल्या नाहीत तर दोन्ही ठेवा. सर चिडायचे, एखाद्याला वर्गाबाहेर काढायचे, तेही ठेवा. गुळगुळीत केलेले सर ओळखू येत नाहीत.

घरच्यांकडे लगेच जाऊन कागद मागू नका. तेरावं होऊ दे, महिना-दीड महिना जाऊ दे, मग एक-दोघांनीच जा, आधी काकूंशी नुसत्या गप्पा मारा. पुस्तकं हलवायच्या आधी कपाटाचे फोटो काढा, कुठलं पुस्तक कुठल्या शेजारी होतं हे एकदा हललं की संपलं. पुस्तकं घरी घेऊन जाऊ नका, तिथेच बसून काम करा. समासात पेन्सिलीने लिहिलेलं असतं ते सोनं आहे, कारण सरांनी वर्गात जे सांगितलं त्याचं बी तिथे असतं. स्कॅनर असेल तर ३०० डीपीआयवर (स्कॅन किती बारीक येईल त्याचं सेटिंग) स्कॅन करा, नसेल तर दिवसाउजेडी फोनने सरळ वरून फोटो, आणि प्रत्येक पुस्तकाचं शीर्षकपान पहिलं घ्या, नाहीतर नंतर कुठलं पान कुठल्या पुस्तकातलं याचा पत्ता लागत नाही.

सरांची पत्रं कुणाकडे असतील तर तीही मागा. कथाकार जी. ए. कुलकर्णी धारवाडला इंग्रजी शिकवायचे, १९८७ साली गेले, आणि लोकांनी त्यांची पत्रं जपून ठेवली म्हणून ती नंतर पुस्तकरूपाने आपल्याला वाचायला मिळाली. फक्त लक्षात ठेवा, कागद तुमच्याकडे असला तरी लिखाणाचा कॉपीराइट लेखकानंतर ६० वर्षं वारसांकडे असतो, त्यामुळे नोट्स, पत्रं काहीही छापायच्या किंवा नेटवर टाकायच्या आधी घरच्यांची लेखी परवानगी घ्या, साधा ईमेलही पुरे.

शोकसभेबद्दल माझं स्पष्ट मत आहे, भाषणं कमी ठेवा. प्राचार्य, संस्थेचे अध्यक्ष, नगरसेवक असं करत दीड तास जातो आणि सर राहूनच जातात. एक अध्यक्षीय बोलणं पुरे. बाकी वेळ वाचन करा, सर जे शिकवायचे त्यातले उतारे, वेगवेगळ्या बॅचच्या लोकांनी उभं राहून वाचायचे, आणि वाचून झालं की त्या उताऱ्यावर सर काय म्हणायचे ते दोन वाक्यांत सांगायचं. इंग्रजी अडखळत वाचलं तरी चालतं, सरांच्या वर्गात तसंच वाचायचो ना आपण. घरच्यांना पुढच्या रांगेत बसवा पण बोलायचा आग्रह करू नका. आणि रेकॉर्डिंगसाठी एक माणूस आधीच ठरवून ठेवा, आयत्या वेळी सगळे फोन वर धरतात आणि आवाज एकाचाही नीट येत नाही.

जमलेल्या आठवणींची छोटी पुस्तिका करा. छापखान्यात बहुतेक १६ पानांच्या फॉर्मचा, म्हणजे एका मोठ्या कागदावर छापून घडी घातलेल्या पानांच्या गठ्ठ्याचा, हिशोब असतो, म्हणून ४८ किंवा ६४ पानं धरून मजकूर बसवा.

वर्गणी उरली तर कॉलेजात सरांच्या नावाने बक्षीस ठेवता येतं. १ लाखाची ठेव, ६ टक्के व्याज धरलं तर वर्षाला ६,००० रुपये, मूळ रकमेला हात न लावता. बक्षीस कशासाठी ते कॉलेजकडून लेखी घ्या, नुसतं पहिल्या नंबराला देऊ नका, त्याला तशीही बक्षिसं मिळतात. आम्ही ते मराठी माध्यमातून येऊन इंग्रजी स्पेशल घेणाऱ्या मुलासाठी किंवा मुलीसाठी ठेवलंय, सोबत पुस्तिकेची एक प्रत जाते.