घरातल्या जुन्या तलवारीसाठी लाकडी पेटी

मापं सोपी आहेत. तलवार मुठीपासून टोकापर्यंत मोजायची आणि दोन्ही बाजूंना पाच-पाच सेंटिमीटर जागा सोडायची. आमची ९५ सेंटिमीटरची, म्हणून पेटी आतून १०५ लांब, २५ उंच, १२ खोल. चौकट, कोपऱ्यांचे सांधे, पुढे बिजागरीवर काचेचं दार. रंधा धरता येणाऱ्याला याहून जास्त सांगायला नको.

खरी अडचण पुढे आहे. माझी पहिली पेटी एमडीएफची (लाकडाचा भुसा गोंदात दाबून केलेल्या फळ्यांची) होती, आत पांढऱ्या गोंदाने चिकटवलेली लाल मखमल. पाडव्याला तलवार ठेवली आणि दसऱ्याला काढली, तर मखमल जिथे जिथे टेकली होती तिथे पात्यावर तांबूस ठिपक्यांची ओळ. ते घासून काढताना पोलादातल्या जौहराच्या, म्हणजे पोलादाच्या अंगच्या नक्षीच्या, लहरीही पुसट झाल्या. त्या परत आल्या नाहीत.

म्हणून ‘पेटीत बंद केली की तलवार सुरक्षित’ असं कोणी सांगितलं की मला राग येतो. लाकडातून अ‍ॅसिटिक आम्लाची वाफ वर्षानुवर्षं निघत राहते. प्लायवूड आणि एमडीएफच्या गोंदातून फॉर्माल्डिहाइड निघतो. बंद पेटीत हे सगळं कोंडतं, त्यात पावसाळ्याची दमट हवा, आणि लोखंड गंजतं. ओक सर्वांत वाईट, पण आपलं सागवानही धुतल्या तांदळासारखं नाही. वाड्याची जुनी तुळई असली तरी तिच्यातलं आम्ल संपलेलं नसतं.

ब्रिटिश म्युझियमच्या अँड्र्यू ऑडी यांनी १९७३ साली यासाठी चाचणी सुचवली: चांदी, तांबं, शिसं यांचे तुकडे संशयित साहित्यासोबत बंद काचपात्रात, ६० अंशांवर, २८ दिवस. घरी मी याचं साधं रूप करतो. गळाला लावायचं शिसं पॉलिश पेपरने चकचकीत करायचं. ते, लाकडाचा तुकडा आणि ओल्या कापसाचा बोळा एकमेकांना न लागता बरणीत ठेवून झाकण घट्ट लावायचं. दुसऱ्या बरणीत लाकूड सोडून बाकी सगळं तसंच. महिनाभर दोन्ही उबदार जागी. माझ्या सागवानाच्या बरणीतल्या शिशावर पांढरी भुकटी धरली, दुसरं नुसतं काळवंडलं; म्हणजे लाकडातून आम्ल निघत होतं. शिसं हाताळल्यावर हात साबणाने धुवा.

तरी पेटी मी सागवानाचीच करतो, मात्र आतलं सगळं लाकूड अ‍ॅल्युमिनियम फॉइलच्या चिकटपट्टीने झाकतो. एक बोटभर जागाही उघडी नको. नुसत्या वॉर्निशवर विसंबू नका, तेलाच्या वॉर्निशमधूनही आम्लं निघतात. फॉइलवर मखमल नको, लोकर-रेशीम तर नकोच. दोनदा धुतलेलं, खळ गेलेलं मांजरपाट ताणून मागे टाचायचं, गोंद नाही. काच बसवताना व्हिनेगरचा वास येणारं सिलिकॉन घेऊ नका, न्यूट्रल मागा. पेटी तयार झाली की महिनाभर दार उघडं ठेवा.

तळाला भोकांची फळी आणि तिच्याखाली बाहेरून उघडणारा खण करा. फळी आणि खणालाही फॉइल. खणात सिलिका जेल, म्हणजे ओल शोषणारे दाणे. बुटांच्या खोक्यातल्या दोन पुड्यांनी काही होत नाही. घनमीटरला २० किलो या हिशेबाने या पेटीला ६३० ग्रॅम लागते. आत छोटा आर्द्रतामापक ठेवा आणि काटा ५० टक्क्यांच्या वर गेला की जेल ओव्हनमध्ये सुकवा. पावसाळ्यात मला हे वरचेवर करावं लागतं.

तलवारीला दोन टेकू पुरतात: एक मुठीला लागून, दुसरा पात्याच्या पुढच्या तिसऱ्या भागात. दोन्हींना फॉइल, वर मांजरपाट. म्यान वेगळं, खाली आडवं. चामड्याच्या म्यानात पातं कायमचं ठेवू नका, चामडं कमावताना वापरलेली द्रव्यं पोलाद खातात.

पात्याला मायक्रोक्रिस्टलाइन वॅक्सचा (खनिज तेलापासून केलेल्या मेणाचा) पातळ हात द्या आणि नंतर उघड्या बोटांनी धरू नका. खंडेनवमीला तलवार बाहेर काढाल तेव्हा हळदकुंकू म्यानाला वाहा. पात्याला लागलंच, तर त्याच संध्याकाळी कोरड्या सुती फडक्याने पुसा, पुन्हा वॅक्स लावा आणि मगच दार बंद करा.